निरोगी म्हणून घातलेलं रक्त

गेली दोन-तीन वर्षं मला कुणी "कशा आहात?" विचारलं की मी "थकले" एवढंच सांगायची. समोरचाही "हो ना, आम्ही पण" म्हणून पुढे जायचा. आमच्या दवाखान्यात सगळेच थकलेले असतात, त्यामुळे कुणा एकाच्या थकव्याला वेगळी किंमत नाही. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहान दवाखान्याच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. माहेर आरमोरीचं, सासर जवळचंच, नोकरी इथली. वीस वर्षांवर झाली लोकांच्या दंडाला पट्टा बांधून "मूठ आवळ" म्हणते आहे.

थकवा माझा होता, पण त्याला मी कारणं मात्र दुसऱ्यांची देत होते. एसटीत बसले की तिकीट काढायच्या आधी डोळा लागायचा, तेव्हा म्हणायची रस्ता खराब आहे. कार्तिकात सगळे एकेरी चादरीवर झोपायचे आणि मी दोन ब्लँकेटं घ्यायची, तेव्हा म्हणायची जंगलाची थंडी. केस विंचरले की फणीत मूठभर राहायचे, तो बोअरच्या पाण्याचा दोष. आवाज घोगरा झाला, तर दिवसभर ओरडून नावं पुकारावी लागतात. वजन वाढलं, तर वय. हीच सगळी लक्षणं मी रोज बायकांना विचारत होते आणि कागदावर त्यांच्यापुढे खुणा करत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मला वीस वर्षं दिवा धरूनही दिसला नाही.

आमच्याकडे थायरॉइडच्या तपासण्या बऱ्याच होतात. त्यातली एक जरा वेगळी आहे. थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी. शरीराची राखण करायला रक्तात जी फौज असते ती कधी कधी उलटते आणि या ग्रंथीलाच शत्रू समजून खायला लागते. कुंपणानंच शेत खावं तसं. त्या उलटलेल्या फौजेला अँटीबॉडी म्हणतात आणि ती रक्तात आहे की नाही, हे आम्ही एका प्लेटवर बघतो. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट, तिच्यात शहाण्णव बारीक खळगे. प्रत्येक खळग्यात एकेकाचं सीरम, म्हणजे रक्तातलं वरचं पिवळसर पाणी, थेंबभर घालायचं, थांबायचं, धुवायचं, औषध घालायचं, पुन्हा थांबायचं, पुन्हा धुवायचं. शेवटी अँटीबॉडी असेल तो खळगा पिवळा होतो, नसेल तो कोरा राहतो. जितका पिवळा, तितकी फौज जास्त.

एकट्यादुकट्यासाठी ही प्लेट लावत नाहीत. तीसेक जणांचं सीरम जमेपर्यंत ते फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि मग प्लेटचा तिसरा हिस्सा मोडून घ्यायचा. एक किट असं तीनदा पुरवायचं. किटसोबत कंपनी दोन छोट्या बाटल्या देते. एकीत रोगी सीरम, दुसरीत निरोगी. रोगी खळगा पिवळा आणि निरोगी खळगा कोरा आला, तरच त्या दिवसाची प्लेट खरी धरायची. नाहीतर सगळी रद्द. नियम चांगला आहे. अडचण एवढीच की निरोगी बाटलीत सीरम इतकं कमी असतं की ते पहिल्याच खेपेला संपतं, आणि पुढच्या दोन खेपांना निरोगी माणूस आपणच शोधायचा असतो.

मी नोकरीला लागले तेव्हाचे आमचे थोरले तंत्रज्ञ, आता निवृत्त होऊन ब्रह्मपुरीकडे शेती करतात, त्यांनी मला त्यावरचा तोडगा शिकवला होता. ते स्वतःचं रक्त घालायचे. म्हणायचे, "बाटलीतलं कोणाचं हाये, कोणाले मालूम? आपलं रक्त आपल्याले मालूम असते." ते निवृत्त झाल्यावर मी माझं रक्त घालायला लागले. पाच-सहा वर्षांपूर्वी एकदा काढलेलं सीरम छोट्या नळ्यांत भरून ठेवलं होतं, ते पुरवून पुरवून वापरलं. प्रत्येक वेळी माझा खळगा पाण्यासारखा कोरा यायचा. खोटं कशाला सांगू, मला त्याचा थोडा अभिमानही होता. घरात कुणी माझं काही प्रमाण मानत नव्हतं, इथे निदान एक प्लेट मानत होती. गेल्या दिवाळीच्या आधी त्या नळ्या संपल्या आणि मी डाव्या हातातून नवं रक्त काढून ठेवलं.

त्याच आठवड्यात ती आली. धानोऱ्याच्याही पलीकडच्या एका गावची, तेवीस-चोवीस वर्षांची, गोंडी बोलणारी. माझ्याशी झाडी बोलीत, म्हणजे इकडच्या मराठीत बोलली, कारण मी गोंडीत "बस", "हात दे" आणि "झालं" याच्यापुढे जात नाही. तिची दोन पोटं आधी पडली होती. आता तिसरं, तिसरा महिना. आमच्या डॉक्टरबाईंनी थायरॉइडची साधी तपासणी केली तर आकडा अगदी काठावर. त्या म्हणाल्या, "अँटीबॉडी असतील तर लगेच गोळी सुरू करू. नसतील तर उगाच नको. रिपोर्ट आला की ठरवू." म्हणजे तिची गोळी माझ्या प्लेटवर अडली होती. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तिच्या शिरा बारीक. दोनदा टोचलं तेव्हा जेमतेम नळीच्या तळाशी थोडं रक्त जमलं. ती हूं की चूं करत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणजे मला वाटलं तोंडाकडे. मग म्हणाली, "बाई, तुमचा गळा बी भरला हाये."

मी म्हटलं, "गळा नाई व, खाल्लेलं हाये. सुखात हावो ना आमी."

ती हसली नाही. "आमच्या गावात हाये ना दोघी-तिघीले. असाच दिसते. तुमी बी तपासून घ्या."

बाहेर अजून बाराजण ताटकळत होते. मी कापसाचा बोळा तिच्या हातावर दाबला आणि जरा तुटकपणे म्हटलं की तपासायचं काम माझं आहे, तिनं बोळा धरून बाहेर बसावं. ती उठून गेली. मला राग का आला होता ते मला तेव्हा कळलं नाही. खरं तर दिवसभर मला कुणाचाही राग यायचा, पंख्याचासुद्धा.

तीस नमुने जमायला तीन आठवडे गेले. धानाची कापणी सुरू झाली की दवाखान्यात माणसं कमी होतात, आणि कापणी संपली की एकदम लोंढा येतो. शेवटी प्लेट लावली. वीज होती, पाणी होतं, सगळं सुरळीत. शेवटचं औषध घातलं आणि वाट बघत बसले. कंपनीचा रोगी खळगा पिवळा झाला. त्याच्या शेजारचा, माझा, निरोगी म्हणून घातलेला, तोही पिवळा झाला. हळदीच्या पाण्यासारखा गडद.

मी अर्थातच म्हटलं की धुण्यात चुकलं. प्लेट नीट धुतली नाही की नको तिथे रंग चढतो, हे आम्ही सगळे पाठ केलेलं आहे. त्या दिवशी मी दमले होते, दुसऱ्या धुण्याच्या वेळी हात जड झाला होता, हेही खरंच होतं. निरोगी खळगा चुकला म्हणजे प्लेट चुकली. मी मशीनमधून आलेल्या आकड्यांच्या कागदावर लाल पेनानं मोठी फुली मारली, वर "रद्द" लिहिलं आणि फाइलला लावला. बाकीच्या खळग्यांकडे मी पाहिलं, पण पाहिलं नाही. त्यातले वीस-बावीस स्वच्छ कोरे होते. धुण्यात चुकलं असतं तर माझ्याच खळग्यावर एवढी मेहरबानी कशाला झाली असती? शेंबडं पोर विचारील असा हा प्रश्न. मला वीस वर्षांच्या अनुभवानंतर तो सुचला नाही.

ती रिपोर्ट न्यायला आली. चार कोस चालून सडक, मग लाल बस, मग धानोऱ्याला थांबून दुसरी बस, असा तिचा येण्याचा हिशेब. तिला सांगावं लागलं की प्लेट बिघडली आणि आधीचं सीरम संपलं, पुन्हा रक्त द्यावं लागेल.

"किती डाव देऊ रक्त?" ती म्हणाली. आवाज चढवून नाही, खरंच विचारत होती. "सासू म्हंते, पोटातल्याच्या वाट्याचं रक्त ते बाई काढून राह्यली. आज बाजाराले जातो म्हणून सांगतलं घरी."

मी तिला समजावलं. आम्हाला समजवायची फार सवय असते. दोन चमचे रक्तानं काही होत नाही, शरीर भरून काढतं, सासूला सांग. तिनं ऐकून घेतलं. बाही वर केली. ह्या वेळी शीर लगेच मिळाली, नळी भरली. जाताना तिनं ओढणीच्या गाठीतून मूठभर चारोळी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "लवकर करजा, बाई."

मी लवकर केलं. खरंच केलं. ज्यांचं सीरम कमी होतं त्यांचं पुन्हा जमवलं आणि दहा दिवसांत किटचा उरलेला शेवटचा हिस्सा लावला. ह्या वेळी धुणं तीनऐवजी पाच वेळा केलं, प्लेट कागदावर आपटून आपटून निथळली, मनगट दुखायला लागलं. आणि फ्रीजरमधून निरोगी म्हणून काढलं ते पुन्हा माझंच, दिवाळीपूर्वीचं. खळगा पुन्हा पिवळा. मग मी म्हटलं, किटच बिघडलं. नागपूरहून येताना डब्यातला बर्फ विरघळला असणार. दुसरी फुली, दुसरं "रद्द". नव्या किटची मागणी पाठवली. एवढी खात्री मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नसेल जेवढी माझं रक्त ठीक असण्याची वाटत होती.

नवं किट यायला जवळजवळ महिना लागला. मधे ती एकदा येऊन गेली. मी बाहेर जाऊन भेटलेसुद्धा नाही. खिडकीतूनच म्हटलं, "आलं नाई अजून, फोन करू." तिच्या घरी फोन लागत नाही हे मला माहीत होतं, गावच्या आशाताईचा नंबर लिहिलेला होता. ती पोटावर हात ठेवून खिडकीशी उभी होती, पोट आता दिसायला लागलं होतं. मी खुर्चीतून उठले नाही याचं कारण मी दमले होते. दुसरं काही नव्हतं. पाय शिशाचे झाल्यासारखे वाटायचे त्या दिवसांत.

नवं किट आलं त्यात निरोगी सीरमची भरलेली बाटली होती. ह्या खेपेला माझ्या रक्ताची गरजच नव्हती. तरी हात सवयीचा गुलाम. कंपनीच्या निरोगी खळग्याशेजारी मी माझाही एक खळगा भरला. म्हटलं, ताळा पडेल. तिचं पुन्हा रक्त काढायची माझी हिंमत नव्हती, पण दुसऱ्या वेळचं सीरम अजून थोडं शिल्लक होतं, ते घातलं.

शेवटचं औषध घातल्यावर रंग चढायला पाव तास लागतो. मी स्टुलावर बसून होते. कंपनीचा निरोगी खळगा कोरा राहिला. अगदी कोरा. माझा हळूहळू पिवळा झाला.  पहिल्यांदा मनात आलं ते भलतंच होतं: आता हे कागदावर कसं लिहायचं. मग मी उठून फाइल काढली. फुली मारलेले दोन कागद आणि आजचा तिसरा टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तिचा आकडा तिन्हींवर जवळपास तोच होता. पहिल्या कागदावरही. लाल फुलीची एक रेघ बरोबर त्याच्यावरून गेली होती. तिला रोग होता, प्लेट खरं बोलत होती, आणि सुरुवातीपासून खरं बोलत होती. खोटी होते ती मी, निरोगी म्हणून. जुन्या नळ्यांतलं रक्त रोग जडण्याआधीचं होतं, म्हणून तेवढं कोरं यायचं.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी लगेच गोळी लिहिली. मी आशाताईला फोन लावला आणि म्हटलं, तिला उद्याच पाठवा. आशाताई म्हणाली, "ताई, तिचं तं मागल्या हप्त्यातच खाली झालं. पाचवा सरत आला होता."

मी फोन ठेवला आणि पुढच्या माणसाचं रक्त काढलं. हे मी अभिमानानं सांगत नाही, झालं तसं सांगते. दुपारी पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं, दोन फुल्या, माझा खळगा, तिचा आकडा. विचारलं, पहिल्या कागदावरच गोळी सुरू झाली असती तर? त्या वयानं माझ्यापेक्षा लहान आहेत, पण खोटा दिलासा देत नाहीत. म्हणाल्या, "नक्की सांगता येत नाही. गोळी घेऊनही पडतात, न घेताही टिकतात." मग मला जवळ बोलावलं, मागे उभ्या राहिल्या, माझ्या गळ्यावर दोन्ही हातांची बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "थुंकी गिळा." मी गिळली. "तुम्ही हे कधीपासून अंगावर काढताय?" त्यांनी विचारलं.  गळा भरलाय हे एकीनं दिवाळीच्या सुमारासच सांगितलं होतं, ते मी सांगितलं नाही.

माझी गोळी सुरू झाली. रोज सकाळी उपाशीपोटी एक. महिना-दीड महिन्यात थंडी कमी झाली, पायातलं शिसं उतरलं, एसटीत जागी राहून जंगल बघत यायला लागले. पळसाला फुलं आली होती. खूप वर्षांनी मला बरं वाटत होतं आणि तेच मला सहन होत नव्हतं. जी गोळी वेळेवर मिळावी म्हणून ती चार कोस चालत आली, तिचा गुण मी घेत होते. घरी नवरा म्हणाला, आता तुझं तोंड जरा माणसासारखं दिसतं. त्याच्यावर मी विनाकारण चिडले.

फाल्गुनात ती आली. एकटीच. आशाताईच्या हाती पाठवलेली गोळी तिनंही सुरू केली होती, तिनं फरक पडला का ते बघायला डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासणी सांगितली होती. मी दार लावलं आणि तिला स्टुलावर बसवलं. तिच्या केसांत तेल होतं, चेहरा उतरलेला होता. सासू काय म्हणते विचारलं, तर म्हणाली, "म्हंते, सांगतलं होतं ना रक्त नोको देऊ." एवढंच.

मग मी तिला सांगितलं. कुणी सांगायला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात असं कुणी सांगत नाही. प्लेटी बिघडल्या नव्हत्या, तुझा रिपोर्ट पहिल्याच वेळी आला होता, मी तो रद्द केला. का केला तेही सांगितलं. तिला प्लेट दाखवली, खळगे दाखवले. हा निरोग्याचा खळगा, ह्यात मी माझं रक्त घालायची, ते कोरं यायला पाहिजे होतं, पिवळं आलं, म्हणून मी म्हटलं की बाकी सगळंच खोटं. मला वाटलं होतं की तिला हे समजायला वेळ लागेल. तिनं प्लेट हातात घेऊन उजेडाकडे धरली, बारीक डोळे करून एक-एक खळगा बघितला आणि टेबलावर परत ठेवली.

"म्हंजे तुमाले बी हेच हाये," ती म्हणाली.

"हो."

"म्या तं तवाच सांगतलं होतं."

"हो. सांगतलं होतं."

 बाहेर कुणीतरी दारावर टकटक केली, मी उत्तर दिलं नाही. तिनं रडावं, शिव्या द्याव्यात, उठून निघून जावं, असं काहीही मला चाललं असतं. मनातून मला वाटत होतं की ती "असू द्या, बाई" म्हणेल. आमच्याकडची माणसं बहुतेक तसंच म्हणतात आणि आपण त्याच्यावर दिवस काढतो.

ती म्हणाली, "तुमी तुमच्या रक्तावर भरवसा ठेवला. माह्या रक्तावर नाई ठेवला."

 मी पट्टा हातात घेऊन तशीच उभी राहिले. थोड्या वेळानं तिनंच बाही वर सारली आणि हात माझ्यापुढे केला.